ओसाड गावांबद्दल सुहासला

फोंडा, गोवा
मे अखेर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. ‘जॉर्जियाचे फोटो ढीगभर टाकलेस, लिहिलं मात्र एक ओळ नाही,’ हा तुझा टोमणा पोचला. आता निवांत बसून वाच.

ओसाड जागा बघत हिंडायचं हे खूळ डोक्यात शिरलं ते जुन्या गोव्यात. तू आला होतास तेव्हा बासिलिका बघून आपण थेट जेवायला पळालो, त्यामुळे पलीकडची टेकडी राहूनच गेली. तिथे संत ऑगस्टीनच्या मठाचा मोडका मनोरा उभा आहे. 46 मीटर उंच, सगळा चिऱ्याचा. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने मठ बंद केला, साधूंना बाहेर काढलं आणि पुढे 1842 मध्ये छत खाली आलं. शहर तर त्याआधीच पटकी आणि हिवतापाने रिकामं होत आलं होतं. मठाची घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये वाजते. आमच्याकडे कामाची वस्तू सहसा वाया जात नाही!

याच मठात केतेवान राणीचे अवशेष पुरले होते. ती जॉर्जियातल्या काखेतीची राणी. धर्म बदलायला नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासने 1624 मध्ये शिराझला तिला हालहाल करून मारलं. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी गोव्यात आणल्या. मठाच्या पडझडीत त्या नेमक्या कुठे आहेत ते जुन्या पोर्तुगीज कागदांवरून शोधत पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, हैदराबादेत डीएनए तपासणी झाली आणि 2021 मध्ये आपल्या सरकारने अस्थींचा एक भाग जॉर्जियाला दिला. तिथल्या राजधानीत, तिबिलिसीत, टॅक्सीवाल्याला ‘गोवा’ म्हटलं, तर त्याने समुद्राचं नावही काढलं नाही. म्हणाला, ‘केतेवान!’ आणि छातीवर क्रूस काढला. गोव्याची अशी ओळख सांगणारा माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटला.

काखेतीतलं अलावेर्दी पाहिलं. अकराव्या शतकातलं उंच देवालय, आवारात साधू अजूनही जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत वाइन करतात. छानच आहे. पण खरं सांगायचं ते वार्दझियाबद्दल. बाराव्या शतकात तामार राणीच्या काळात डोंगराच्या पोटात कोरलेला हा मठ. बाहेरून काही दिसू नये अशीच रचना होती. 1283 मध्ये भूकंप झाला, डोंगराची दर्शनी बाजू सुटून दरीत गेली आणि फणस मधोमध चिरावा तसा सगळा आतला संसार उघडा पडला. खोल्या, जिने, भुयारं, सगळं. एका गुहेत जमिनीत रांजणांची गोल तोंडं आहेत. काठावर हात फिरवला तर गुळगुळीत लागला. पुढे आक्रमणं झाली, वस्ती उठली. आज मात्र थोडे साधू पुन्हा तिथे राहतात. एका गुहेच्या दारात दोरीवर काळा झगा वाळत होता. गाइड मला तारखा सांगत होता आणि माझं लक्ष त्या झग्याकडे.

ओसाड जागा म्हटलं की लोक पडक्या भिंतींचे फोटो काढतात आणि निघतात. मला सुचतो तो एकच प्रश्न: इथले लोक गेले कुठे, आणि कुणी परत येतं का? म्हणूनच आल्या आल्या सांग्याकडचं कुर्डी गाठलं. साळावली धरणात बुडालेलं हे गाव. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं. मे महिन्यात पाणी ओसरलं की वर येतं. भेगाळलेला चिखल, जोती, वाळून काळी पडलेली झाडांची खोडं. सोमेश्वराच्या देवळापाशी उठून गेलेले लोक दरवर्षी जमतात, ख्रिस्ती मंडळी आपल्या चॅपेलपाशी. एक आजी नातवाला जोत्यावर उभं करून सांगत होत्या, ‘हंय आमची रांदचीकूड.’ म्हणजे इथे आमचं स्वयंपाकघर. पोराला फक्त चिखलात नाचायचं होतं. दक्षिण गोव्याचे नळ याच धरणावर चालतात, हे तिथे उभं राहून आठवलं की बोलणं जरा जपून होतं.

आता तुझा प्रश्न: पुढच्या वर्षी कैलास की ॲथॉस? कैलासाच्या शिखरावर कुणी चढत नाही, लोक परिक्रमाच करतात. ती साधारण 52 किलोमीटरची, आणि डोल्मा खिंड साडेपाच हजार मीटरच्या वर. तुझ्या गुडघ्यांना विचार. ग्रीसमधल्या ॲथॉसच्या डोंगरावर 20 मठ आहेत, समुद्राच्या काठाने पायवाटा आहेत. माझं मत तिकडे. अडचणी दोन. ऑर्थोडॉक्स नसलेल्यांना दिवसाला फक्त 10 परवाने मिळतात, म्हणजे कित्येक महिने आधी अर्ज करावा लागेल. आणि बायकांना तिथे मुळीच प्रवेश नाही. तेव्हा आधी वहिनींशी बोल. ते काम माझ्या गळ्यात मारू नकोस. होकार आला की पासपोर्टची प्रत पाठव, अर्ज मी करतो.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता