'न्यूज'च्या चार दिशा आणि 'अंपायर'चा हरवलेला 'एन'

महोदय,

इंग्रजी शब्दांच्या उगमावरची छोटी सदरे हल्ली बहुतेक वृत्तपत्रांत असतात. मुले ती कात्रणे वहीत चिकटवतात, शिक्षक त्यातला शब्द फळ्यावर लिहितात. म्हणूनच त्यांतल्या आद्याक्षरांच्या गोष्टी आता थांबवाव्यात, अशी कळकळीची विनंती आहे.

'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, ही त्यातली सर्वांत पसरलेली गोष्ट. प्रत्यक्षात 'न्यू' म्हणजे नवे, त्याचे अनेकवचन 'न्यूज', म्हणजे नव्या गोष्टी. फ्रेंचमध्ये बातम्यांना 'नूव्हेल' म्हणतात, तोही 'नवे' याच अर्थाचा शब्द. जुन्या इंग्रजी लिखाणात याचे स्पेलिंग 'एन-ई-डब्ल्यू-ई-एस' असेही सापडते. तिथे चार दिशा लागूच पडत नाहीत. 'टिप' म्हणजे 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस', ही गोष्टही तशीच. चोरांच्या बोलीत सतराव्या शतकात 'टिप' म्हणजे हळूच देणे, पुढे सरकवणे. बक्षिसीचा अर्थ त्यातून अठराव्या शतकात आला.

आद्याक्षरे जोडून रोजच्या वापराचा शब्द घडवण्याची रीत इंग्रजीत मुख्यतः विसाव्या शतकातली. 'रडार' आणि 'लेझर' खरोखर तसे झाले. त्यामुळे शब्द 1900 पूर्वीचा असेल आणि गोष्ट आद्याक्षरांची असेल, तर ती जवळजवळ नक्की खोटी समजावी. 'पॉश'ची गोष्ट इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या बोटींशी जोडली जाते: 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', म्हणजे जाताना डावीकडची, परतताना उजवीकडची सावलीची केबिन. पण असा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर मिळालेले नाही. या शब्दाचे मूळ अजून ठरलेले नाही, आणि तसेच छापायला काहीच हरकत नाही.

खरी व्युत्पत्ती याहून कितीतरी रंजक असते. 'अंपायर' घ्या. जुन्या फ्रेंचमध्ये 'नोंपेर' म्हणजे जो जोडीतला नाही तो, दोघांच्या भांडणात निवाडा करणारा तिसरा. इंग्रजीत तो 'नूंपेर' झाला. इंग्रजीत व्यंजनाआधी 'अ' आणि स्वराआधी 'अॅन' लागते. 'अ नूंपेर' भरभर म्हटले की कानाला 'अॅन ऊंपेर' ऐकू येते. लिहिणाऱ्यांनीही तसेच तोडले आणि 'एन' कायमचा आधीच्या 'अ'ला चिकटला. 'एप्रन'ही मुळात 'नॅप्रन'. 'नॅपकिन' त्याचाच भाऊबंद, त्याचा 'एन' मात्र शाबूत राहिला. 'निकनेम'मध्ये उलटे घडले. 'ईक' म्हणजे वाढीव. 'अॅन ईकनेम' या वाढीव नावाने 'अॅन'चा 'एन' स्वतःकडे ओढून घेतला.

याच यादीत 'ऑरेंज' घालण्याची चूक मात्र वारंवार होते. 'अ नॉरेंज' असे इंग्रजीत कधी नव्हतेच. संस्कृत 'नारङ्ग' फारसी, अरबी करत युरोपात गेला. त्याचा 'न' फ्रेंच-इटालियनच्या टप्प्यावरच गळला आणि शब्द इंग्रजीत पोचला तो 'न'शिवायच. स्पॅनिश 'नारांहा'त तो आजही आहे, आणि आपल्या 'नारिंगी'तही. मराठीप्रमाणे इंग्रजीतही नाव आधी फळाचे, रंगाला ते नंतर मिळाले.

'मंगूस'चे अनेकवचन 'मंगीस' का नाही, असे मुले विचारतात. कारण त्याचा 'गूस'शी, म्हणजे हंसाशी, काही संबंध नाही. तो मराठीतून गेलेला मुंगूस आहे. स्पेलिंग तेवढे हंसासारखे झाले. अनेकवचन 'मंगूसेस'.

शब्द तपासताना एक खबरदारी घ्यावी. ऑक्सफर्डचा मोठा कोश अर्थ कालक्रमाने देतो, सर्वांत जुना आधी. नेहमीचे छोटे कोश बहुधा आजचा प्रचलित अर्थ आधी देतात. छोट्या कोशातला पहिला अर्थ म्हणजे मूळ अर्थ, असे धरले की घोळ होतो.

तेव्हा सदरात प्रत्येक शब्दाखाली तीन गोष्टी छापाव्यात: इंग्रजीत तो पहिल्यांदा सापडतो ते शतक, त्याचे त्या वेळचे रूप आणि तो ज्या भाषेतून आला ती भाषा. दोन ओळींची जागा पुरेल.

– एक वाचक, सातारा