मामा, 97 वरून 89 वर आणल्याबद्दल

प्रिय मामा,

तुम्हाला पत्र लिहायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न पडला तो ते द्यायचं कुठं. कॅडी शेडमध्ये आणून हातात दिलं असतं तर तुम्ही ते न वाचता खिशात घातलं असतं आणि "कशाला मॅडम, एवढं काय त्यात" म्हणत बॅग उचलली असती. म्हणून उघडच लिहितेय. तुमचं नाव आणि कोर्सचं नाव मात्र मुद्दाम घालत नाही. पुण्यात गोल्फ खेळणारे मोजकेच आहेत, बातमी लगेच फुटते, आणि मग रविवारी सकाळी तुम्ही माझ्या वाट्याला यायचे नाहीत. आताच कॅडी मास्तरांना मस्का लावावा लागतो.

ज्यांना आपला खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. तुम्ही माझे कॅडी, म्हणजे माझी बॅग उचलणारे आणि कुठला क्लब, म्हणजे काठी, घ्यायचा ते सुचवणारे. हौशी गोल्फरच्या आयुष्यात दोन उंबरठे असतात. अठरा होलमध्ये एकूण शंभर फटक्यांच्या आत येणं हा पहिला, नव्वदच्या आत येणं हा दुसरा. पहिला मी बऱ्यापैकी लवकर ओलांडला. दुसऱ्यापाशी घोडं अडलं ते अडलंच. 95, 98, 96, 97. नवा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, घेतला. कोचकडून ग्रिप बदलून घेतली. सरावाच्या रेंजवर टोपल्याच्या टोपल्या बॉल मारले. रेंजवर माझा स्विंग बघून शेजारचे "क्या बात है" म्हणायचे, आणि शनिवारी कार्डावर पुन्हा 97. पहिले पाढे पंचावन्न.

हँडिकॅपवरूनही, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्यावरूनही, काही कळत नव्हतं. 2020 पासून जी जागतिक पद्धत आली, तिच्यात शेवटच्या 20 राउंडमधले सर्वांत चांगले 8 घेऊन सरासरी काढतात. उरलेले 12 हिशेबात येतच नाहीत. शिवाय एका होलवर तुम्ही कितीही फटके मारा, नोंद एका मर्यादेपर्यंतच होते. पार चारच्या, म्हणजे चार फटक्यांत पुरा व्हावा अशा, होलवर माझे 10 झाले तरी हँडिकॅपसाठी 7 नाहीतर 8 धरतात. यात गैर काही नाही, कारण त्या आकड्याचं काम तुमचा चांगला दिवस कसा असतो हे सांगणं आहे. वाईट होल कुठं झाला आणि का झाला, ते त्यात सापडत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ तुम्ही उघडलीत. एका 97 नंतर मी कार्ड चुरगाळणार एवढ्यात तुम्ही ते मागून घेतलंत. शेडच्या बाकावर मांडीवर ठेवलंत, कानामागची बुटकी पेन्सिल काढली आणि चार आकड्यांभोवती गोल केलेत. स्विंगबद्दल एक शब्द नाही. फक्त विचारलंत, "या चार ठिकाणी पहिला वाईट फटका कुठला, आठवतंय? आणि त्याच्यानंतरचा कुठला?"

मग आपण बेरीज केली. पार 72, म्हणजे 97 हे पंचवीसनं वर. त्यातले तेरा फक्त त्या चार होलमध्ये गेले होते. तीन ट्रिपल (पारपेक्षा तीन जास्त) आणि एकावर पारपेक्षा चार जास्त. उरलेल्या चौदा होलमध्ये तीन पार, दहा बोगी (पारपेक्षा एक जास्त), एक डबल (दोन जास्त). म्हणजे चौदा होल मी नव्वदच्या आतली खेळाडू होते आणि चार होल भलतीच कुणीतरी. त्या चारांवर नुसती बोगी केली असती तर 88 झाले असते. मी पार आणि बर्डी (पारपेक्षा एक कमी) वाढवायच्या मागे होते, आणि तुम्ही म्हणालात, "मॅडम, ते वाढू दे नाहीतर न वाढू दे. हे चार गोल पुसायचे."

आणि ते चारही एकाच जातीचे निघाले. पहिला फटका झाडात. त्यानं एक गेला, तो कुणाचाही जातो, टायगर वुड्सचाही जातो. दुसरा फटका मात्र दोन फांद्यांच्या फटीतून थेट ग्रीनकडे, म्हणजे झेंडा असतो त्या बारीक गवताकडे, मारलेला. तो खोडावर आपटून आणखी आत, मग पेनल्टी, मग घाईत मारलेली चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका), मग तीन पट (ग्रीनवर बॉल घरंगळवायचे फटके). तुमचं वाक्य अजून कानात आहे: "बॉल झाडात गेला, एक गेला. आता दुसरा कशाला घालवताय?"

पुढच्या राउंडला सातव्या होलवर बॉल उजवीकडच्या झाडीत गेला. समोर छान फट दिसत होती. मी लांब मारायची थ्री वूड मागितली. तुम्ही तिचं कव्हर काढलंच नाहीत. उलट ते नीट खाली ओढलंत, बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतलीत आणि जवळचं मारायचा नऊ नंबर पुढं केलात. मी म्हटलं, फट आहे ना. तुम्ही म्हणालात, "फट आहे. तिच्यातून रेंजवर दहा बॉल मारले तर किती जातील?" मी मनातल्या मनात मोजलं आणि गप्प नऊ नंबर घेतला. बॉल आडवा फेअरवेत, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतात, काढला, तिथून ग्रीनच्या अलीकडे, चिप, दोन पट. डबल. घरी जाताना त्या डबलचा मला जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्या पारचाही झाला नव्हता, आणि हे घरी कुणाला समजावून सांगता येईना.

अंतराचंही तसंच. माझ्याकडे लेझर आहे, तो झेंड्याचं अंतर यार्डात अचूक सांगतो, आणि तुम्हाला त्याचं भयंकर हसू येतं. झेंडा 120 वर असेल तर मी सात नंबर घ्यायची, कारण माझा सात नंबर 120 जातो. जातो, पण मधोमध बसला तर. रोजचा माझा सात नंबर हवेतून 105 जातो आणि 105 वर बहुतेक ठिकाणी वाळूचा बंकर बसलेला असतो, कारण कोर्स बांधणाऱ्यांना आमच्यासारख्यांची जात पक्की माहीत असते. तुम्ही झेंड्याचं अंतर सांगायचंच बंद केलंत. "ग्रीनच्या मधला आकडा घ्या, आणि एक क्लब जास्त," म्हणजे एक पायरी लांब जाणारा. विचारलं तरी झेंडा कुठं आहे ते सांगायचा नाहीत. पावसाळ्यात तर दोन क्लब जास्त, कारण ओल्या फेअरवेत बॉल पडतो तिथंच रुततो. मे महिन्यात तोच बॉल टणक जमिनीवरून सुसाट पळालेला असतो. मी आजवर जेवढे बॉल ग्रीनच्या पलीकडे घालवले ते बोटांवर मोजता येतील. अलीकडे पडलेल्यांची मोजदादच नाही.

ग्रीनवर तुम्ही जे शिकवलंत ते तर कुठल्याही व्हिडिओत मला इतकं नीट दिसलं नव्हतं. आपल्याकडच्या ग्रीनवर बर्म्युडा गवत, त्याला कल असतो. कलाच्या दिशेनं बघितलं तर गवत चकाकतं, उलट बाजूनं काळपट दिसतं. चकाकीकडे पट जोरात जातो, काळपटाकडे अडतो. हे मी वाचलं होतं, पण उन्हात सकाळी सात वाजता सगळंच चकाकतं, काय बघणार? तुम्ही मला कपापाशी, म्हणजे बॉल जायच्या खड्ड्यापाशी, उकिडवं बसवलंत आणि कडेवर बोट फिरवलंत. एका बाजूला कड सुरीनं कापल्यासारखी, दुसऱ्या बाजूला झिजलेली, पाती सुटलेली. "झिजली त्या अंगाला गवत झुकतंय." बस. तेव्हापासून लांबच्या पटला मी आधी कपापर्यंत चालत जाऊन येते. मागचा चौघांचा गट कुरकुरतो. कुरकुरू दे. तीन पट कमी झाले ते असे.

आणि जवळचे पट चुकले की मी जो त्रागा करायची, तोही तुम्ही थांबवलात. "आठ फुटांचा गेला तर नशीब म्हणायचं, राहिला तर रडायचं नाही." मला वाटायचं तुम्ही धीर देताय. नंतर कळलं की अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून जेमतेम निम्मे पट घालतात. वीस फुटांवरून सातांत एखादा. पोट भरायला खेळणाऱ्यांची ही गत, आणि मी सहा फुटांचा चुकला म्हणून पुढच्या टीवर (होल सुरू होतो त्या जागी) ड्रायव्हर रागानं फिरवायची.

एका बाबतीत मात्र मला तुमचं अजून पटत नाही, आणि आभारपत्रात भांडू नये असं कुठं लिहिलंय? तुम्ही म्हणता की स्कोअर ग्रीनवरच घडतो, लांब मारणं निव्वळ शोभेचं. कोलंबिया विद्यापीठातले मार्क ब्रॉडी नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी टूरवरच्या ढीगभर फटक्यांचा हिशेब मांडला आणि दाखवून दिलं की चांगला खेळाडू आणि साधारण खेळाडू यांच्या स्कोअरमधला सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांत असतो. पट त्या मानानं कमी भाव खातो. माझं कार्डही तेच सांगतं: चार गोल ग्रीनवर उमटले नव्हते, झाडात आणि ओबीच्या पांढऱ्या खुंट्यांपलीकडे उमटले होते. ओबी म्हणजे बॉल हद्दीबाहेर: एक फटका दंड आणि पुन्हा जुन्याच जागेवरून मारायचं, थोडक्यात दोन गेले. म्हणून मी पटिंगपेक्षा टी शॉटचा सराव जास्त करणार. आणि गंमत बघा, बोलता ते वेगळं असलं तरी अरुंद होलवर माझ्या हातात ड्रायव्हरऐवजी सांभाळायला सोपा हायब्रिड देता ते तुम्हीच. तोंडानं पटर, हातानं प्राध्यापक.

नव्वदच्या आतला तो राउंड. त्याच्याबद्दल लिहायला खरं तर काहीच नाही. दोन पार, पंधरा बोगी, एक डबल. 89. बर्डी नाही, कुणाला सांगावा असा एकही फटका नाही. बाराव्यावर झाडातून आडवा काढला, चौदाव्यावर बंकरमधून फक्त बाहेर यायचं म्हणून झेंड्याकडे पाठ करून मारला. बरोबरच्या तिघींना शेवटपर्यंत पत्ता नव्हता की माझं काही चांगलं चाललंय. बेरीज झाल्यावर एकीनं दोनदा मोजलं. तुम्ही क्लब पुसत उभे होतात, आणि तुमच्या चेहऱ्यावर भाजीत मीठ बरोबर पडल्यावर दिसतं तेवढंच समाधान होतं. मी मात्र पार्किंगमध्ये गाडीत बसून नवऱ्याला फोन केला आणि ओरडले.

क्लबात आम्ही सगळे आमच्या सेटच्या किमतींवर बोलतो. तुम्ही सोमवारी, कोर्स बंद असताना, कुणीतरी टाकून दिलेल्या अर्ध्या सेटवर खेळता, आणि कसं खेळता ते मी एकदा कुंपणाबाहेरून पाहिलंय. या देशात हे नवीन नाही. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेले अली शेर 1991 साली इंडियन ओपन जिंकले, आणि ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. 1993 साली पुन्हा जिंकले. कोलकात्याच्या रॉयल क्लबमध्ये ग्रीनकीपर असलेल्या माणसाचा मुलगा एसएसपी चौरसिया, त्यानं 2016 आणि 2017, लागोपाठ दोन वर्षं तीच स्पर्धा मारली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आलेली अदिती अशोक आठवते ना? तिच्यापेक्षा कितीतरी लांब मारणाऱ्या मुली मागे राहिल्या. तिथं तिची बॅग तिच्या आईनं उचलली होती. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "आई क्लब देताना ऐकत होती का ती?" मला उत्तर देता आलं नाही, पण प्रश्न कुणासाठी होता ते कळलं.

मी ऐकायला लागले त्याचं कारणही सांगून टाकते. तुम्ही मला कधी फटका मारल्यावर सल्ला दिला नाहीत. बॉल पाण्यात गेला की सगळे तज्ज्ञ होतात: डोकं उचललंस, खांदा उघडला, घाई केलीस. तुम्ही त्या वेळी फक्त नवा बॉल पुसून पुढं करता. जे बोलायचं ते आधी, दोन वाक्यांत. आणि मी स्टान्स, म्हणजे मारायचा पवित्रा, घ्यायच्या आत लाईनवरून बाजूला सरकता. 2019 पासून नियमच आहे, कॅडीनं मागं उभं राहून नेम धरून द्यायचा नाही, पण तुम्ही त्याच्या आधीपासून तसंच वागताय असं जुने मेंबर सांगतात. "फटका मॅडमचा, आपण का उभं राहायचं मागं?"

राउंडची फी दिली, वर टिप दिली, की आपल्याकडे हिशेब मिटल्यासारखं वागतात. पावसाळ्यात राउंड कमी आणि तुमची कमाईही कमी, हे आम्हाला छत्रीखाली चहा पिताना दिसतंच. त्याबद्दल मी कमिटीला वेगळं लिहिलंय, ते इथं उगाळत नाही. इथं फक्त आभार. मनापासून.

दोन निरोप. एक, 58 डिग्रीची ती वेज, म्हणजे बॉल उंच उडवणारा क्लब, जी तुम्ही मला बॅगेतून काढूच दिली नाहीत आणि तिच्याऐवजी आठ नंबरनं बॉल लोळवायला लावलात, ती तुमच्या पुतण्याला दिलीय. त्याला कोरड्या जमिनीवरूनही ती मस्त जमते. त्याला अडवू नका. दोन, या रविवारी सव्वासहाचा टी टाईम (खेळ सुरू करायची वेळ) आहे, चौघीच आहोत. मागच्या वेळी 85 चं विचारलं तर "आधी पाऊस जाऊ दे" म्हणाला होतात. पाऊस गेलाय, मामा.

तुमची,
जांभळ्या बॅगवाल्या मॅडम