दोरा ताणून पाहा: मुंबई ते न्यूयॉर्क

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेला असताना विमान उत्तरेकडे कशासाठी वळते, असे तुम्ही रविवारी फोनवर विचारले होते. कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली घ्या आणि दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरून दुसरे न्यूयॉर्कपर्यंत ताणून पाहा. दोरा अरबस्तानाकडे न जाता अफगाणिस्तान, रशिया, स्वीडन, आइसलँड असा वर चढत जाईल आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरेल. हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. होकायंत्राची एकच दिशा धरून निघाले, तर त्यात सुमारे १,७०० किलोमीटरची भर पडते. अर्थात विमान दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा कितीतरी उड्डाणांना वळसा घ्यावा लागला.

थेट विमानाला इकडे येताना साधारण १६ तास लागतात, परतताना सुमारे दीड तास कमी, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि परतीच्या विमानाला पाठीमागून रेटा देतात. घड्याळ मात्र फसवते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणून रात्री दीडला निघालेले विमान त्याच तारखेला इथल्या सकाळी आठला उतरेल. त्यामुळे बाबा, प्रवासात तुमचे हातातले घड्याळ बदलू नका. रक्तदाबाची गोळी त्याच वेळेला घ्या आणि इथे आल्यावर वेळ कशी सरकवायची, ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठेवा. गोळ्या व चिठ्ठी हातातल्या पिशवीतच असू द्या.

तिकीट स्वस्त पडते म्हणून मध्ये विमान बदलण्याचा विचार कृपया सोडून द्या. मागच्या वेळी त्या अनोळखी विमानतळावर चाकांच्या खुर्चीची वाट पाहत आई तासभर उभी होती, हे मी अजून विसरलेले नाही. पैशांची काळजी माझ्यावर सोपवा.

आई, विमानाच्या आतली हवा साधारण दोन हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही विरळ असते आणि फार कोरडी असते. थोडे थोडे पाणी पीत राहा. तुला मधल्या वाटेलगतची जागा घेते, म्हणजे दर दोन तासांनी कुणाला न उठवता चार पावले चालता येईल. इतके तास पाय लोंबते ठेवून बसल्यास ते सुजतात आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

सांगलीहून गाडीने येऊन त्याच रात्री विमानात बसणे मला मुळीच मान्य नाही. आदल्या दिवशी ठाण्याला मावशीकडे मुक्काम करा आणि तिथे दुपारी झोप काढा. चाकांच्या खुर्चीची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवायची आहे, तेव्हा जूनमधली कोणती तारीख सोयीची, ते येत्या रविवारपर्यंत कळवा.

आपली,
लेक