बासुदांचा एका खोलीतला सिनेमा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बासु चटर्जी यांच्या स्मृतिदिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. मनापासून लिहिलेला आहे. ‘रजनीगंधा’ आहे, ‘छोटी सी बात’मधला बसस्टॉप आहे, अमोल पालेकरांचा बुजरा नायक आहे, ‘चितचोर’ची गाणी आहेत. ‘पिया का घर’ हा राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’वरून केलेला, हेही लेखकाने आवर्जून सांगितलं, ते वाचून बरं वाटलं. पण ‘एक रुका हुआ फैसला’ मात्र लेखात कुठेच नाही. ‘याशिवाय त्यांनी काही गंभीर चित्रपटही केले’ एवढ्या वाक्यावर तो विषय संपतो. ४ जून २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत बासुदा गेले, तेव्हाच्या मृत्युलेखांतही मला हेच दिसलं होतं. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी सत्र न्यायालयात लघुलेखिका होते. आमच्या कामाबद्दल लोकांना फारसं ठाऊक नसतं. साक्षी-उलटतपास कोर्टात सगळ्यांसमोर होतात, वकिलांचे युक्तिवाद होतात. पण निकाल तयार होतो तो चेंबरमध्ये, न्यायाधीश आणि लघुलेखक अशा दोघांच्याच उपस्थितीत. साहेब सांगणार, आपण शॉर्टहँडमध्ये घेणार, मग टाइप करून कच्चा खर्डा पुढे ठेवणार. खुल्या न्यायालयात निकाल वाचून होईपर्यंत घरीसुद्धा अवाक्षर काढायचं नाही. माणसाचं आयुष्य कुठल्या वाक्यावर कुठल्या बाजूला वळलं, हे मी त्या खोलीत बसून ऐकलेलं आहे. त्यामुळे बासुदांचा हा चित्रपट मला करमणूक म्हणून पाहताच आला नाही.

१९८६ सालचा हा चित्रपट. आम्ही कचेरीतल्या चारपाच जणींनी व्हीसीआर भाड्याने आणून पाहिला. खटला संपलेला आहे, वडिलांच्या खुनाचा आरोप असलेला एक तरुण मुलगा आहे आणि त्याचं काय करायचं ते ठरवायला ज्युरीची, म्हणजे दोषी की निर्दोष असा कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांची, बारा माणसं एका खोलीत बसली आहेत. गाणं नाही, नायिका नाही, मारामारी नाही. बारांपैकी कुणालाही नाव नाही. अकरा जण म्हणतात, दोषी. एकटा के. के. रैना म्हणतो की मला अजून खात्री नाही, थोडं बोलू या. पुढचे जवळपास दोन तास ते फक्त बोलतात, भांडतात, आणि एकेक करून मतं बदलत जातात.

त्या मुलाने खून केला नाही, असं रैनाचा तो आठव्या क्रमांकाचा ज्युरर एकदाही म्हणत नाही. चाकू दुर्मीळ आहे असं सांगितलं होतं, तसाच दुसरा चाकू तो टेबलावर आणून ठेवतो. खालच्या मजल्यावरचा म्हातारा साक्षीदार पाय ओढत चालतो, मग तो इतक्या सेकंदांत दारापर्यंत कसा पोचला, हे तो स्वतः चालून, घड्याळ लावून दाखवतो. पलीकडच्या इमारतीतल्या बाईने धावत्या गाडीच्या डब्यांतून खून होताना पाहिला, असं तिने शपथेवर सांगितलेलं. तिच्या नाकावर चष्म्याचे वळ होते, हे बाराजणांपैकी एकाच्या उशिरा लक्षात येतं. माणूस झोपताना चष्मा लावून झोपत नाही. मग तिने नक्की काय पाहिलं?

हे प्रश्न खरं तर बचावाच्या वकिलाने उलटतपासात विचारायचे. आमच्याकडे असं कितीतरी वेळा व्हायचं. आरोपी गरीब, वकील सरकारने नेमून दिलेला, मानधन तुटपुंजं, कागदपत्रं आदल्या दिवशी हातात पडलेली. साक्षीदाराला दोन प्रश्न विचारून ‘उलटतपास संपला’ असं नोंदवलं जायचं. ज्याला चांगला वकील परवडतो त्याच्या खटल्यात चष्म्याचा प्रश्न पिंजऱ्यातच विचारला जातो. नाही परवडत त्याच्या नशिबी तो विचारणारा ज्युरर असावा लागतो, किंवा आपल्याकडे तसा न्यायाधीश.

असा एक न्यायाधीश मी पाहिला. नाव, गाव, साल सांगणार नाही, ती शिस्त अंगात मुरलेली आहे. खुनाचा खटला होता, घटना रात्रीची, डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार एकच. कायद्याला एक साक्षीदारही पुरतो. पुरावा कायद्याच्या जुन्या १३४ कलमात साक्षीदारांच्या संख्येची अट मुळी नाहीच. साहेब दोन दिवस निकाल सांगत होते. त्या साक्षीदाराच्या परिच्छेदाशी आले, ‘हा साक्षीदार विश्वासार्ह आहे’ एवढं बोलले आणि थांबले. मला घटनास्थळाचा पंचनामा आणि कच्चा नकाशा काढायला सांगितला. नकाशात विजेचा खांब रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला दाखवला होता. त्या खांबावरचा दिवा त्या रात्री चालू होता की नाही, हे सबंध खटल्यात कुणी कुणाला विचारलेलंच नव्हतं. सरकारी वकिलांनी नाही, बचावाने नाही. साहेबांनी फाइल मिटली. म्हणाले, ‘‘आज एवढंच राहू दे, बाई.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो परिच्छेद पहिल्यापासून नव्याने सांगितला.

आरोपी सुटला. गावात संताप झाला, साहेबांबद्दल नाही नाही ते बोललं गेलं. त्याने खून केला होता का, ते मला आजही माहीत नाही. साहेबांनाही माहीत नव्हतं, आणि ‘माहीत नाही’ हीच त्यांच्या निकालातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होती.

बासुदांचा चित्रपट नेमकं हेच करतो, म्हणून मला तो मोठा वाटतो. शेवटपर्यंत तो मुलगा निर्दोष होता की नव्हता, हे आपल्याला सांगितलंच जात नाही. खरा खुनी पकडला जात नाही, कुणी कबुली देत नाही. हिंदी सिनेमातल्या कोर्टात शेवटच्या क्षणी दार उघडून साक्षीदार धावत येतो आणि सत्य बाहेर पडतं, याची आपल्याला सवय. बासुदांनी प्रेक्षकाला ते समाधान द्यायचं नाकारलं. खात्री नसेल तर शिक्षा नाही, इतकंच. ‘रजनीगंधा’ करणाऱ्या दिग्दर्शकाने हे केलं याचं मला आश्चर्य वाटत नाही. त्यांच्या हलक्याफुलक्या चित्रपटांतही माणसं दुसऱ्याचं ऐकून, विचार करून आपलं मत बदलतात. इथे त्या बदलावर एक जीव अवलंबून आहे.

मूळ कृती त्यांची नाही, हे मला ठाऊक आहे. रेजिनाल्ड रोझ यांनी १९५४ मध्ये अमेरिकन टेलिव्हिजनसाठी ती लिहिली आणि १९५७ मध्ये सिडनी ल्युमेट यांनी ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ केला. ल्युमेट यांचा तो पहिलाच चित्रपट, त्याला बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळालं. (दुसऱ्या महायुद्धात ल्युमेट अमेरिकन सैन्यात रडार दुरुस्त करायला भारतात आणि ब्रह्मदेशात होते, हे वाचलं तेव्हा फार नवल वाटलं होतं.) कॅमेऱ्याचं कसब पाहायचं तर ल्युमेटच पाहावेत. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर, मग डोळ्यांच्या पातळीवर आणि शेवटी खालून, त्यामुळे छत दिसायला लागतं आणि खोली हळूहळू अंगावर येते. बासुदांचा भर नटांवर आहे, आणि नट रंगभूमीवर मुरलेले. पंकज कपूरचा संताप आधी चीड आणतो आणि शेवटी तो संताप आपल्या स्वतःच्या मुलावरचा आहे हे कळल्यावर त्याच्याकडे बघवत नाही. अन्नू कपूर तेव्हा जेमतेम तिशीचे. त्यांनी उभा केलेला म्हातारा पाहून आमच्यातल्या एकीला ते खरोखरच वृद्ध वाटले होते. काही ठिकाणी आरडाओरडा जरा जास्तच होतो, मूळ चित्रपटातली शांतता इथे नाही, हेही मी मान्य करते. पण नक्कल म्हणून तो बाजूला टाकणं मला पटत नाही. इंग्रजी न येणाऱ्या माझ्या आईने तो शेवटपर्यंत पाहिला आणि मग विचारलं, ‘‘चष्म्याचं त्या वकिलाला का सुचलं नाही गं?’’ ती चौथी शिकलेली. तिच्यापर्यंत हा प्रश्न बासुदांनी पोचवला.

दुसरा आक्षेप असतो की १९८६ मध्ये भारतात ज्युरी होतीच कुठे? नव्हती, खरं आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागा उरली नाही. मुंबईच्या पारशी विवाह न्यायालयात न्यायाधीशांबरोबर डेलिगेट, म्हणजे समाजाचे प्रतिनिधी, बसतात, तेवढीच तिची आठवण. पण ज्युरी काय करू शकते हे महाराष्ट्राला कुणी सांगायला नको. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा नऊ ज्युरर होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि मंडालेला गेले. चित्रपटातला एक ज्युरर ‘ही माणसं अशीच असतात’ म्हणत तावातावाने बोलत सुटतो आणि बाकीचे एकेक करून त्याच्याकडे पाठ फिरवतात, तो प्रसंग पाहताना मला त्या सात जणांची आठवण येते. त्यांच्याकडे पाठ फिरवायला त्या दिवशी दोघेच होते.

आणि नानावटी. १९५९ मध्ये प्रेम आहुजा यांच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने नौदलाच्या या अधिकाऱ्याला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली. त्या काळात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक उघडपणे नानावटींच्या बाजूने उभं होतं. चित्रपटात येण्यापूर्वी बासुदा बरीच वर्षं याच ‘ब्लिट्झ’मध्ये व्यंगचित्रकार होते. वर्तमानपत्र आणि रस्त्यावरची गर्दी मिळून निकालाभोवती केवढं वादळ उठवू शकतात, हे ज्या कचेरीने पाहिलं तिथे काम केलेल्या माणसाने पुढे बंद खोलीतल्या बारा जणांवर चित्रपट केला. मला हे दोन्ही वेगळं काढता येत नाही.

संपादक महाराज, इथे माझं आपल्याशीही थोडं बोलायचं आहे. पोलिसांपुढे दिलेला जबाब हा पुरावा नसतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, शपथ घेतो, सरतपास होतो, उलटतपास होतो, तेव्हा कुठे पुरावा तयार व्हायला लागतो. बातम्यांत मात्र अटकेच्या दुसऱ्याच दिवशी जबाब छापून येतात, संध्याकाळी वाहिन्यांवर त्यावर मतं मागवली जातात, आणि दोषारोपपत्र दाखल होण्याच्या कितीतरी आधी आमच्या सोसायटीच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये फाशी देऊन झालेली असते. मी तिथे एकदा लिहिलं की अजून पुरावा नोंदवला गेलेला नाही, तर एका सद्गृहस्थांनी विचारलं, तुम्ही आरोपीच्या बाजूच्या का? त्यांना मी बासुदांच्या चित्रपटाचं नाव पाठवलं. त्यांनी पाहिला की नाही, ते काही बोलले नाहीत. पुढे वर्षा-दोन वर्षांनी आरोपी सुटला की आतल्या पानावर चार ओळी येतात, ‘पुराव्याअभावी निर्दोष’, आणि वाचणाऱ्याला वाटतं कोर्ट विकलं गेलं. त्या चार ओळींच्या जागी कुठला पुरावा का टिकला नाही, हे आपल्या वार्ताहराने निकाल वाचून लिहावं. निकालपत्रं आता संकेतस्थळावर सहज मिळतात. आमच्यासारख्यांनी ती दिवसदिवस बसून टाइप केलेली असतात.

शेवटी एक विनंती, आपल्या दैनिकामार्फत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि आयएलएस विधी महाविद्यालय एकाच रस्त्यावर आहेत. संग्रहालयाच्या प्रेक्षागृहात दोन्ही चित्रपट, ल्युमेट यांचा आणि बासुदांचा, विधीच्या विद्यार्थ्यांना एकापाठोपाठ एक दाखवता येतील. नंतर एखाद्या निवृत्त सत्र न्यायाधीशांनी मुलांशी तासभर बोलावं. जूनमध्ये कॉलेजं पुरती सुरू झालेली नसतात, म्हणून स्मृतिदिनाऐवजी १० जानेवारी हा बासुदांचा जन्मदिवस निवडावा. साताऱ्याहून सकाळच्या एसटीने वेळेत पोचता येतं. मी नक्की येईन.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका,
सातारा