नौपाड्याच्या काकू, या कुकीज तुमच्या

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

ओट्स आणि चॉकलेट चिप्सच्या माझ्या कुकीज खाल्ल्या की लोक कृती विचारतात. मी मापं सांगते, पण ती कुणी शिकवली हे सांगायचं राहून जातं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. नाव घालू नकोस असं तुम्ही बजावलंत, ते पाळलंय.

कृती कुठेही मिळते. तुम्ही मला कारणं दिलीत. बटर आणि साखर इतका वेळ का फेटायची, असं विचारल्यावर ‘तसंच करतात’ म्हणून उडवून लावलं नाहीत. साखरेचे दाणे बटरमध्ये हवा कोंडतात, म्हणून पिठीसाखर नको. ब्राउन शुगरमध्ये मळीचा अंश असतो, त्याने कुकी आतून ओलसर राहते आणि त्याच्या आंबटपणावर खायचा सोडा फुलतो. नेहमीचं पिवळं बटर मुळात खारं, वेगळं मीठ कशाला? ओट्स मात्र जाड, रोल्डच. इन्स्टंटचा लगदा होतो, दाताखाली काही येत नाही.

सगळ्यात मोलाचं म्हणजे तुम्ही ही कुकी ठाण्याच्या हवेत बसवलीत. परदेशी कृतीत ‘बटर बाहेर ठेवून मऊ करा’ एवढंच लिहितात. आपल्याकडे मे महिन्यात ओट्यावरचं बटर बघता बघता तेलकट होतं, मग त्यात हवा कोंडत नाही आणि कुकी ट्रेभर पसरते. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट तुपकट होऊ नये, ही तुमची खूण मी आता इतरांना सांगते. मिश्रण तासभर फ्रिजमध्ये ठेवायचं, तेवढ्यात ओट्सही ओल पितात. पावसाळ्यात कुकी पूर्ण गार झाल्याशिवाय डबा भरायचा नाही.

हे ज्ञान तुम्हाला भट्टीसमोर मिळालं. दिवाळीआधी घरचं तूप, मैदा, साखर बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणायचे, तेव्हा तुम्ही सासूबाईंबरोबर जायचात आणि तिथल्या कारागिराला प्रश्न विचारत थांबायचात. त्याने कंटाळा न करता उत्तरं दिली, म्हणून तुम्हीही देता, असं म्हणाला होतात. त्या कारागिराचेही आभार. चॉकलेट चिप कुकी १९३०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाउस इनमध्ये रूथ वेकफिल्ड यांनी केली, हे मी सांगितलं, तर तुम्ही खूश होऊन म्हणालात, “म्हणजे बाई खाणावळवाल्याच की!”

विचारणाऱ्यांसाठी मापं इथेच लिहिते: बटर १०० ग्रॅम, ब्राउन शुगर १००, साधी साखर ५०, एक अंडं, मैदा १२०, ओट्स १००, सोडा अर्धा छोटा चमचा, चिप्स १००. १८० अंशांवर ११-१२ मिनिटं. कडा सोनेरी आणि मधला भाग कच्चट वाटत असतानाच ट्रे बाहेर काढायचा. गरम ट्रेवर पाच मिनिटांत कुकी आपोआप धरते. इथे धीर सोडून आणखी भाजलं की कडक बिस्किट झालंच.

आपली बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, तुम्ही कळव्याला आणि मी घोडबंदर रोडला. नव्या ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, कुकीज फिक्या राहतात असं फोनवर म्हटलं, तर तुम्ही स्टेशनला टीएमटीची बस बदलून, पर्समध्ये ओव्हनचा थर्मामीटर घेऊन आलात. बटण १८० वर आणि आत जेमतेम १६०! तेव्हापासून मी बटणापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवते. गुडघे दुखत असताना, फक्त माझ्या कुकीजसाठी, तुम्ही एवढ्या लांब आलात. त्या दिवशी चहाच्या गडबडीत नीट आभार मानले नाहीत, ते आज मनापासून मानते.

यंदा दिवाळीच्या फराळात चकलीशेजारी या कुकीज असतील. पहिला डबा कळव्याला पोचवते. काकांसाठी चिप्स कमी आणि अक्रोड जास्त घालते.

तुमची,
जुन्या बिल्डिंगमधली शेजारीण