चहात गोळी मिसळून दारू सुटत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'पेशंटला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींपासून वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींपर्यंत सर्रास दिसतात. पुडीत नेमकं काय आहे, ते लिहिलेलं नसतं. शिवाय दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ती डायसल्फिरामची गोळी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून चहात नाहीतर वरणात कुटून घातली जाते. नवऱ्याच्या दारूनं पिचलेल्या बाईला बोल लावायचा नाही. तिला दुसरी वाट कुणी दाखवलेलीच नसते. पण हे जिवावर बेतू शकतं.

दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य होतं आणि यकृतातलं एक विकर (एन्झाइम) त्याचा निचरा करतं. डायसल्फिराम ते विकर बंद पाडतं. त्यावर दारू पोटात गेली की थोड्याच वेळात तोंड लालबुंद होतं, डोकं ठणकतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, बीपी उतरतो. हृदय कमजोर असेल तर माणूस दगावूही शकतो. गोळी थांबवल्यावरही हा धोका 14 दिवसांपर्यंत राहतो. 'आज घातली नव्हती' याला अर्थ नाही. खोकल्याची काही औषधं आणि दशमूलारिष्टासारखी आयुर्वेदिक अरिष्टं यांतही अल्कोहोल असतं. आपल्या पोटात गोळी आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो पथ्य काय पाळणार?

कीटकनाशक फवारणीच्या दिवसांत असा माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात आला, तर घाम आणि ओकाऱ्या पाहून डॉक्टरांना आधी विषबाधेचा संशय येईल. तो शुद्धीत समोर असेल तर घरचे गोळीचं बोलणार नाहीत, आणि उपचार भलतीकडेच जातील.

मुळात ही गोळी दारूची ओढ कमी करत नाही. 'प्यायलो तर त्रास होईल' हे माहीत असणं, हाच तिचा गुण. लपवून दिली की तो गुण जातो, धोका तेवढा उरतो. रीत अशी: शेवटच्या घोटानंतर किमान 24 तास जाऊ द्यायचे, यकृत आणि हृदय तपासून घ्यायचं, त्याची संमती घ्यायची. मग डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा, बहुधा रोज 250 मिलीग्रॅम, सकाळी घरच्या माणसासमोर त्यानं स्वतः घ्यायची. ज्याला रोज उठल्याबरोबर लागते, त्यानं दारू घरी एकाएकी तोडू नये. झटके येऊ शकतात.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मध्ये दारूशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. स्वतःच्या उपचारांचा निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या माणसाला समजावून, त्याच्या संमतीनंच उपचार करायचे, असं हा कायदा सांगतो. क्षमताच हरपली असेल आणि आजार तितका गंभीर असेल, तर कलम 89 नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्याच्या वतीनं निर्णयात मदत करणाऱ्या माणसाच्या) अर्जावर, एका मनोविकारतज्ज्ञानं आणि दुसऱ्या एका मानसिक आरोग्य व्यावसायिकानं किंवा डॉक्टरनं स्वतंत्रपणे तपासून, 30 दिवसांपर्यंत दाखल करता येतं. हा रस्ता उघड आहे, त्याची नोंद होते, त्यावर दाद मागता येते.

औषध दुकानदारांनी ही गोळी चिठ्ठीशिवाय देऊ नये. आरोग्य केंद्रांत अशा रुग्णाच्या बायकोला बाजूला घेऊन 'काही मिसळून दिलं का?' असं न रागावता विचारावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आशाताईंनी घरोघरी पोचवावा. त्यावर मराठीत बोलता येतं. आणि संपादक महोदय, 'न सांगता' हे शब्द असलेली जाहिरात आपल्या पानांवर घेऊ नये, ही आग्रहाची विनंती.

— व्यसनमुक्ती समुपदेशक, दारव्हा, जि. यवतमाळ