इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी पदवी निवडताना

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जाण्यासाठी कोणती पदवी घ्यावी, याविषयी आपल्या करिअर पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख वाचला. लेखकाने वित्त, अर्थशास्त्र, वाणिज्य, गणित, अभियांत्रिकी अशी उतरंड लावून दिली आहे आणि विद्यार्थ्याने तीत आपल्याला मिळेल ती सर्वांत वरची जागा पकडावी, असा एकूण सूर आहे. या व्यवसायात मी वीसहून अधिक वर्षे काढली. त्यातली बरीचशी कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या आणि खरेदी-विक्रीच्या कामात गेली, आणि नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेण्याचे कामही अनेकदा वाट्याला आले. पदवी ठरवण्याआधी दोन गोष्टी विद्यार्थ्याला ठाऊक हव्यात, असे त्या अनुभवावरून वाटते: नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत माणूस तिथे नेमके काय करतो, आणि त्याला आत घ्यायचे की नाही हे कधी ठरते. लेखात या दोहोंबद्दल एक ओळही नाही.

बँक म्हटले की ठेवी आणि कर्जे डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत १९३३ च्या ग्लास-स्टीगल कायद्याने ठेवी घेणाऱ्या बँका आणि रोख्यांचा व्यवहार करणाऱ्या संस्था यांच्यात भिंत घातली आणि १९९९ मध्ये ती बऱ्याच अंशी पाडली गेली, तरी या दोन कामांची जात वेगळीच राहिली. इन्व्हेस्टमेंट बँक कंपन्यांना भागविक्रीतून किंवा कर्जरोख्यांतून भांडवल उभारून देते, आणि एखादी कंपनी विकत घ्यावी का, घ्यायची तर कोणत्या किमतीला, याचा सल्ला देते. तिथे नव्याने लागलेला ॲनालिस्ट एक्सेलमध्ये कंपनीच्या पुढच्या काही वर्षांच्या उत्पन्नाचा आणि खर्चाचा अंदाज मांडतो, तिच्यासारख्या इतर कंपन्यांना बाजारात काय भाव आहे याचा तक्ता करतो, ग्राहकापुढे ठेवायचे सादरीकरण मध्यरात्रीपर्यंत तयार करतो, आणि सकाळी वरिष्ठाने तळटिपेतल्या चुकलेल्या आकड्यावर बोट ठेवले की पुन्हा पहिल्या पानापासून तपासायला बसतो. गोल्डमन सॅक्स या अमेरिकी इन्व्हेस्टमेंट बँकेतल्या पहिल्या वर्षाच्या तेरा ॲनालिस्टनी २०२१ मध्ये आपल्या कामाचे तास आठवड्याला सरासरी ९५ असल्याचे वरिष्ठांपुढे मांडले होते, ते अशाच कामाचे. यात लागणारे गणित बहुतांशी शाळेतले असते. चिकाटी, नेमकेपणा आणि हिशेबाची भाषा मात्र पक्की लागते.

हिशेबाची भाषा म्हणजे काय, ते मुलाखतीतल्या एका जुन्या प्रश्नावरून सांगतो. ‘कंपनीचा घसारा १० ने वाढला, तर तिच्या तिन्ही आर्थिक पत्रकांत काय बदलेल?’ हा प्रश्न आम्ही जवळजवळ प्रत्येकाला विचारत असू. (घसारा म्हणजे यंत्रांची किंमत झिजेपोटी दरवर्षी कमी होते, ती खर्चात धरलेली रक्कम; तीन पत्रके म्हणजे नफा-तोटा पत्रक, रोख प्रवाह पत्रक आणि ताळेबंद.) पाठांतरावर आलेले उमेदवार ‘नफा १० ने कमी होईल’ एवढे चटकन सांगत आणि तिथेच थांबत. एका मुलीने उत्तराआधी विचारले, ‘कराचा दर किती धरू?’ तीस टक्के धरा, असे सांगितल्यावर तिने कागदावर मांडले: करपूर्व नफा १० ने घटला, म्हणून कर ३ ने घटला आणि निव्वळ नफा ७ ने. घसाऱ्यापोटी पैसा प्रत्यक्षात बाहेर जात नाही, त्यामुळे रोख प्रवाह पत्रकात हे १० परत मिळवले की हातातली रोख उलट ३ ने वाढते. ताळेबंदात यंत्रांची किंमत १० ने कमी आणि रोख ३ ने जास्त, म्हणजे मालमत्ता ७ ने कमी; समोरच्या बाजूला भागधारकांचा संचित नफाही ७ ने कमी, आणि दोन्ही बाजू जुळल्या. तिची पदवी कोणत्या विषयातली होती, हे मला आता आठवत नाही. आमच्यापैकी कोणी पदवीचा विषय त्या दिवशी चर्चेत काढल्याचेही आठवत नाही.

वाणिज्य किंवा वित्त शिकणे व्यर्थ आहे, असा याचा अर्थ कृपया कोणी काढू नये. त्या विद्यार्थ्यांना हे सारे वर्गातच मिळते आणि इतरांना ते सुट्टीत, स्वतःच्या हिमतीवर शिकावे लागते, हा फायदा खराच आहे. पण इतरांची ही उणीव काही महिन्यांच्या अभ्यासाने भरून निघण्याजोगी आहे. गोल्डमन सॅक्सचे प्रमुखपद सांभाळून पुढे अमेरिकेचे अर्थमंत्री झालेले हेन्री पॉल्सन इंग्रजी साहित्याचे पदवीधर होते, आणि त्यांच्यानंतर त्या संस्थेची धुरा सांभाळणारे लॉईड ब्लँकफाइन इतिहासाचे. (पॉल्सन यांनी पुढे एमबीए केले आणि ब्लँकफाइन यांनी कायद्याची पदवी घेतली, हे अशी उदाहरणे देणारे सहसा सांगत नाहीत.) औषध कंपन्यांचे व्यवहार पाहणाऱ्या गटाला जीवरसायन जाणणारा माणूस हवासा वाटतो, आणि ऊर्जा क्षेत्र पाहणाऱ्या गटाला अभियंता. कायदा शिकलेला माणूस भागधारकांच्या करारातले खाचखळगे इतरांआधी पाहतो. अपवाद आहे तो गणिती प्रारूपांवर चालणाऱ्या विभागांचा. डेरिव्हेटिव्हची (म्हणजे शेअर, कर्जरोखे अशा दुसऱ्या कशाच्या तरी भावावर बेतलेल्या कराराची) किंमत काढणे, जोखमीची प्रारूपे बांधणे अशा कामांसाठी गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र यांतले खोल शिक्षण, बहुधा पदव्युत्तर पातळीचे, लागतेच आणि ते सुट्टीत शिकून येत नाही. ज्याला तिकडे जायचे आहे, त्याने माझे बाकीचे म्हणणे बाजूला ठेवावे.

आता वेळेचा मुद्दा. न्यूयॉर्क आणि लंडन इथल्या मोठ्या बँका आपले बरेचसे ॲनालिस्ट पदवीच्या शेवटच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात होणाऱ्या इंटर्नशिपमधून निवडतात. ही इंटर्नशिप साधारण आठ ते दहा आठवड्यांची असते, आणि तिचे अर्ज कित्येक महिने आधी, काही ठिकाणी वर्षभर किंवा त्याहूनही आधी भरले जातात. लंडनमध्ये तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी वसंत ऋतूतल्या सुट्टीत आठवडाभराची ओळख-सत्रे असतात आणि पुढची इंटर्नशिप अनेकांना त्यांतूनच मिळते. म्हणजे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातला विद्यार्थी अर्ज करतो, तेव्हा त्याच्याजवळ दाखवायला शाळेतले आणि पहिल्या वर्षाचे गुण असतात, फार तर दुसऱ्याचे थोडेफार. ज्या विषयात आपण पहिल्या परीक्षेपासून वरच्या श्रेणीत राहू, तो विषय म्हणूनच घ्यावा. वित्ताच्या वर्गात कसेबसे मधल्या रांगेत राहणाऱ्यापेक्षा इतिहासात अव्वल असलेल्याचा अर्ज पुढे सरकलेला मी अनेकदा पाहिला आहे.

विद्यापीठ कोणते, यालाही विषयाइतकेच, कधी कधी जास्तच वजन असते. बँका ठरावीक विद्यापीठांत स्वतःहून जातात आणि बाकीच्यांनी दारावर थाप मारत राहावे अशी रीत आहे. ती अन्यायाची आहे, असे माझे मत नोकरीत असतानाही होते. तरी ती आहे तोवर, नामवंत विद्यापीठातला आवडीचा विषय सोडून दुसरीकडे केवळ नावात ‘वित्त’ आहे म्हणून प्रवेश घेणे शहाणपणाचे नाही.

नावातच ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग’ असलेल्या पदव्यांचा उल्लेख आपल्या लेखात कौतुकाने आला आहे. त्यांबद्दल मी साशंक आहे. कंपनीची किंमत ठरवण्याच्या ज्या पद्धती तिथे वर्षभर शिकवतात, त्या मोठ्या बँका नव्या भरतीला सुरुवातीच्या काही आठवड्यांच्या प्रशिक्षणात आपल्या पद्धतीने पुन्हा शिकवतातच. शिवाय हा धंदा भरती-ओहोटीचा आहे. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या अमेरिकी इन्व्हेस्टमेंट बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यानंतर हातात खोके घेऊन इमारतीबाहेर पडणारी तरुण मुले जगाने पाहिली. माणूस बँकेबाहेर पडला तरी ज्या पदवीवर उभा राहू शकेल, ती या धंद्यासाठी अधिक सुरक्षित. आत जाण्याची एकच वेळ असते असेही नाही. दुसरे काही काम करून एमबीए केलेले लोक ॲनालिस्टच्या वरच्या, असोसिएटच्या पायरीवर येतात. तो मार्ग महागडा आहे, पण उघडा आहे. सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट) या गुंतवणूक-विश्लेषणाच्या पात्रतेच्या तीन परीक्षा गुंतवणूक व्यवस्थापनात अधिक उपयोगी पडतात. सौदे करणाऱ्या विभागात त्या असल्या तर बरे, नसल्या तर अडत नाही.

पुरवणीत हा विषय पुन्हा घ्यायचा ठरल्यास पदव्यांच्या यादीशेजारी इंटर्नशिपच्या अर्जांचे वेळापत्रकही छापावे, आणि ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या हाती प्रवेश घेण्याआधी पडेल असे पाहावे, एवढी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँकर